वकील मोफत मिळतो, कागद मात्र आपला हवा

वाचकांचे प्रश्न : दिव्यांग मुलांच्या शाळेतल्या सोयी आणि त्यासाठी विनामूल्य काम करणारे वकील. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. प्रमाणपत्रावर ६० टक्के आहे. घराजवळच्या खाजगी शाळेने "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, विशेष शाळेत घाला" असं तोंडी सांगितलं. आम्ही दोघंही नोकरी करतो. मोफत वकील गरिबांसाठीच असतो ना? आम्हाला कोण देणार?

उत्तर : तुम्हाला मिळेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क कोणाला, याची यादी आहे. उत्पन्नाची मर्यादा त्या यादीतल्या एकाच गटाला आहे. स्त्रिया, बालके आणि दिव्यांग व्यक्ती यांना ती लागूच नाही. तुमचा मुलगा बालक म्हणूनही बसतो आणि दिव्यांग म्हणूनही. म्हणून अर्ज त्याच्या नावाने करा आणि खाली "अ.पा.क. (अज्ञान मुलाची पालनकर्ती) आई" किंवा "वडील" म्हणून सही करा. अर्ज आईवडिलांच्या नावाने गेला की टेबलावरचा माणूस पगाराचा दाखला मागतो आणि माणसे तिथूनच परत फिरतात. असा दाखला मागितलाच तर कलम १२ मधली (क) आणि (ड) ही उपकलमे दाखवा. इंग्रजी प्रतीत ती सी आणि डी आहेत.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्यायचा. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. दुसरी वाट म्हणजे केंद्राच्या न्याय विभागाचे 'न्याय बंधू' अॅप. फी न घेता काम करायला तयार असलेल्या वकिलांची तिथे नोंदणी असते आणि हा उपक्रम २०१७ पासून चालू आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. या कायद्यातली 'विधी सेवा' म्हणजे केवळ कोर्टात उभे राहणे नव्हे. सल्ला देणे आणि अर्धन्यायिक अधिकाऱ्यापुढे (न्यायालय नसूनही तक्रारी ऐकणाऱ्या, आयुक्तांसारख्या अधिकाऱ्यापुढे) बाजू मांडणे हेही त्यात येते. म्हणजे शाळेला पाठवायचे पहिले पत्र नीट करून घ्यायलाही तुम्ही वकील मागू शकता, आणि आमच्या मते तो तेव्हाच मागावा.

आता शाळेकडे वळू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (लागू १९ एप्रिल २०१७) च्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला परिसरातल्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि यातली निवड मुलाची आहे. "विशेष शाळेत घाला" हे शाळेने सांगायचे नसते. कलम १६ सरकारने चालवलेल्या शाळांबरोबर सरकारने मान्यता दिलेल्या शाळांनाही धरून आहे, त्यामुळे "आम्ही विनाअनुदानित आहोत" हे उत्तर पुरत नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित गटात आली, म्हणून २५ टक्के राखीव जागांचा मार्गही उघडा आहे. मात्र शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर शिक्षण हक्क कायद्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने त्या शाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या. तिथे २०१६ चा कायदाच पुढे करा. ही चूक वकीलही करतात आणि पहिल्याच तारखेला अर्ज लुळा पडतो.

आजचे काम एकच. तोंडी नकार कागदावर आणा. प्रवेशअर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. लिपिक पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि सोबत शाळेच्या ईमेलवरही टाका. "नाही" म्हणाल्याचा पुरावा नसला की पुढे मुख्याध्यापक म्हणतात, "हे पालक आमच्याकडे आलेच नव्हते."

प्रश्न : वकिलाकडे पहिल्यांदा जाताना काय काय न्यायचं? डॉक्टरांच्या फायलीच तीन आहेत.

उत्तर : तिन्ही नेऊ नका. फुकट काम करणाऱ्या वकिलाकडे तासभर असतो आणि त्यातली चाळीस मिनिटे कागद चाळण्यात जातात. एका फोल्डरमध्ये एवढेच ठेवा : दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), जन्मदाखला, शाळेचे ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती, शाळेशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारीखवार, आणि गेल्या वर्षभरातला एक अहवाल.

त्या अहवालावर जास्त मेहनत घ्या. प्रमाणपत्र टक्के सांगते, मुलाला काय लागते हे सांगत नाही. अधिकाऱ्यापुढे भांडण मात्र काय लागते यावरच असते. म्हणून डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ किंवा थेरपिस्टना निदानाखाली वर्गातल्या गरजा लिहायला सांगा. "मध्यम स्वमग्नता" या दोन शब्दांनी मुख्याध्यापकाला काहीच कळत नाही. "पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर. दर २५ मिनिटांनी ५ मिनिटे वर्गाबाहेर जाण्याची मुभा. सूचना एका वेळी एकच, तोंडी आणि फळ्यावर लिहून. मधल्या सुट्टीत एक ठरलेली मोठी व्यक्ती जवळ." असे लिहिले असेल तर चारपैकी तीन सोयींना पैसाच लागत नाही हे तिथल्या तिथे दिसते आणि "परवडत नाही" हा मुद्दा निम्मा गळतो.

सोबत एक पानभर तारीखवार टिपण हाताने लिहून न्या. कधी, कोण, काय म्हणाले. विशेषणे नकोत. मूळ कागद कोणालाच देऊ नका, सत्यप्रती द्या. आणि मुलाचे अहवाल पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. सल्ला मिळवण्यासाठी टाकलेला कागद शाळेसकट साऱ्या गावाचा होतो.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून वकिली करतो. शनिवार या मुलांसाठी द्यायची इच्छा आहे. कुठून सुरुवात करू? शाळेबाहेर मोफत सल्ल्याचा फलक लावला तर चालेल का?

उत्तर : फलक लावू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि काम मागताही येत नाही. सल्ला मोफत आहे म्हणून त्यातून सुटका होईल असे धरून चालू नका. शिबिर घ्यायचे तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत घ्या, त्यांच्या नावाने. प्राधिकरणाच्या पॅनेलवर (मोफत प्रकरणे दिली जातात त्या वकिलांच्या यादीत) येण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव लागतो. तोवर एखाद्या पॅनेल वकिलांबरोबर काम करा किंवा 'न्याय बंधू'वर नाव नोंदवा.

तयारी म्हणून २०१६ च्या कायद्यातली कलमे २, ३, १६, १७, ३१ आणि ७९ ते ८२ तोंडपाठ करा. बाकी लागतील तशी वाचा. कलम १६ नीट वाचलेत तर एक ठेच वाचेल. त्याची सुरुवात सरकार "प्रयत्न करील" अशा मऊ शब्दांनी होते. समोरचा वकील तेवढ्याच शब्दांवर उभा राहतो. म्हणून कलम १६ कधी एकटे लावू नका, जोडीला कलम ३(५) घ्या. तिथे वाजवी सोय (दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे केलेला योग्य तो बदल) मिळेल अशी पावले सरकारने उचलावीत असे बंधन आहे. शिवाय घटनेतले अनुच्छेद २१-अ (शिक्षणाचा मूलभूत हक्क) आहेच.

विशेष शिक्षक नसल्याची तक्रार असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत संघ हा २०२१ चा निकाल जवळ ठेवा. प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण त्यात आहे.

नव्या वकिलांची सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिलाच कागद कायदेशीर नोटीस. लेटरहेडवरची नोटीस आली की मुख्याध्यापक ती संस्थाचालकांकडे देतात, संस्थाचालक आपल्या वकिलांकडे, आणि ज्या बाईंनी उद्यापासून मुलाला पहिल्या बाकावर बसवले असते त्यांना "वकिलांना विचारल्याशिवाय काही करू नका" असा निरोप जातो. निम्मे वर्ष गेलेच म्हणून समजा. पहिले पत्र पालकांच्या सहीचे असावे. ते तुम्ही लिहून द्या, तुमचे नावही त्यात नको. मजकूर साधारण असा :

"माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकते. तिला कमी ऐकू येते (प्रमाणपत्र सोबत). सोबतच्या अहवालानुसार तिला पुढील सोयी लागतात : (१) शिक्षकांचा चेहरा दिसेल अशी पहिल्या रांगेतली जागा. (२) श्रुतलेखनाऐवजी लेखी उताऱ्यावरून चाचणी. (३) आठवड्यातून दोनदा गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांची भेट. पहिल्या दोन सोयी दि. … पासून सुरू कराव्यात, आणि तिसरीसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहून त्या पत्राची प्रत मला द्यावी. यापैकी काही शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे. (दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम ३(५) व १६.)"

पत्रात 'अन्याय' हा शब्द नाही. शेवटची ओळ मात्र फार कामाची आहे. शाळेने कारण लिहून दिले तर त्या कारणाला उत्तर देता येते, आणि काहीच लिहिले नाही तर ते मौन पुढे तुमच्या अर्जाला जोडता येते.

कायद्यात वाजवी सोयीच्या व्याख्येतच "अवाजवी बोजा पडणार नाही" अशी अट आहे. शाळा तिचाच आधार घेईल. त्यामुळे मागणी करतानाच कोणती सोय बिनखर्ची, कोणती समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेतून होणारी आणि कोणती खरोखर शाळेच्या पैशाची, अशी विभागणी करून ठेवा. समग्र शिक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. त्यातून प्रवास, मदतनीस, वाचक असे भत्ते आणि साहित्य निघते. मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये वेगळे. ही रक्कम मोठी नाही, पण "निधीच नाही" म्हणणाऱ्याला "प्रस्ताव कधी पाठवला?" असे विचारता येते. पाठवला की नाही हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांत आणि ३० दिवसांत कळते. खाजगी शाळेबाबतचा अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयात टाका.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, प्रमाणपत्रावर ३० टक्के. शाळा म्हणते ४० च्या खाली जादा वेळ नाही.

उत्तर : ४० टक्क्यांची रेघ काही हक्कांना आहे, सगळ्यांना नाही. मोफत शिक्षण (कलम ३१) आणि मोफत पुस्तके-साहित्य ही रेघेच्या वरच्यांसाठी. वाजवी सोय मात्र प्रत्येक दिव्यांग व्यक्तीसाठी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. तिथे लेखनिकाचा प्रश्न होता आणि उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. फेब्रुवारी २०२५ च्या गुलशन कुमार निकालाने परीक्षेतल्या सवलती ४० टक्क्यांखालच्यांनाही द्याव्यात हे आणखी स्पष्ट केले.

निकालाची प्रत जोडली म्हणून वेळ आपोआप मिळत नाही. नेत्रतज्ज्ञांकडून कारण लिहून आणा : सलग किती मिनिटे वाचल्यावर ताण येतो, ओळ सुटते का, आलेख आणि नकाशा वाचायला किती जास्त वेळ लागतो. मागणी आकड्यात करा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटे असे प्रमाण आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. बोर्डाचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीच्या चाचण्यांपासूनच ही सवलत शाळेत लेखी मागून वापरायला लागा. दहावीच्या जानेवारीत वकील गाठणाऱ्या पालकांसाठी मग एकच वाट उरते, ती म्हणजे उच्च न्यायालयात धावपळ.

अध्ययन अक्षमतेबद्दल विचारणाऱ्यांसाठी : आठ वर्षांच्या आधी तिचे प्रमाणपत्र मिळत नाही. तोवर शाळेच्या निरीक्षणांच्या नोंदी मागून ठेवा. अशी मुले लवकर ओळखणे हे कलम १६ ने शाळेचेच काम ठरवले आहे.

प्रश्न : दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी की थेट हायकोर्टात जावं? एफआयआर करता येतो का? आम्हाला त्या मुख्याध्यापकांना धडा शिकवायचाय.

उत्तर : आधी ठरवा, मुलाला सोय हवी की तुम्हाला धडा शिकवायचाय. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. कलम ९२ खालचा गुन्हा हेतुपुरस्सर जाहीर अपमान, मारहाण, उपाशी ठेवणे अशा गोष्टींसाठी आहे आणि शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. तसे घडले असेल तर जरूर करा. रॅम्प नाही किंवा बाक बदलला नाही यासाठी ते कलम चालत नाही. उगाच लावले तर खऱ्या तक्रारीचेही वजन जाते. नियमभंगाचा दंड कलम ८९ मध्ये आहे : पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, नंतरच्या खेपेला ५०,००० ते ५ लाख.

सोयीसाठी राज्य दिव्यांग आयुक्तांचा रस्ता बहुतेकांना पुरतो. कार्यालय पुण्यात आहे. तिथे वकील लागत नाही, पण असला तर बरे. आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते समन्स काढू शकतात, कागद हजर करायला लावू शकतात. अर्जात मुख्याध्यापकांबरोबर शिक्षणाधिकारी (प्राथमिक किंवा माध्यमिक, वर्ग पाहून) यांनाही जाबदेणार (विरुद्ध पक्ष) करा. हे राहून गेले की मुख्याध्यापक "पद मंजूर नाही" म्हणतात आणि ते पद मंजूर करणारा समोर नसतो. मागणी मघाच्या पत्रासारखीच, क्रमांक घालून.

आयुक्त जे देतात ती 'शिफारस' असते. शब्द ऐकून पालक हिरमुसतात. कलम ८१ प्रमाणे शिफारस मिळाल्यापासून तीन महिन्यांत संबंधित प्राधिकरणाने काय केले ते कळवायचे असते, आणि मान्य नसेल तर कारणे आयुक्तांना द्यायची, तक्रारदारालाही कळवायची. तीन महिने गप्प बसलेल्या कार्यालयाविरुद्ध उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका केली, तर न्यायाधीशांसमोर पहिल्याच पानावर सरकारच्याच अधिकाऱ्याची शिफारस असते. उच्च न्यायालयाचीही स्वतंत्र विधी सेवा समिती आहे, वकील तिथूनही मोफत मिळतो. थेट हायकोर्ट गाठायचे ते परीक्षा महिन्यावर आली असेल किंवा मुलाला शाळेतून काढले असेल तेव्हा.

प्रश्न निव्वळ प्रवेश नाकारण्याचा असेल आणि शाळा शिक्षण हक्क कायद्यात येत असेल, तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार हाही मार्ग आहे. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत, वरचे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. एका पालकांनी रॅम्पची मागणी केली आहे, मागे वकील आहे हे दिसतंय. इमारत जुनी, निधी शून्य. काय उत्तर देऊ?

उत्तर : उत्तर द्या, हेच पहिले. पंधरा दिवसांच्या आत, लेखी. आणि रॅम्प होईपर्यंत त्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणा. वर्ग बदलायला निधी लागत नाही. प्रयोगशाळा वरच असेल तर प्रात्यक्षिकाचे साहित्य खाली आणण्याचे दिवस ठरवा आणि तेही पत्रात लिहा. एवढे केलेल्या शाळेविरुद्ध कोणताही समंजस वकील पुढे जाणार नाही.

रॅम्पचा प्रस्ताव पाठवताना मोजमाप घाला. उतार १ : १२ हवा. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्पची लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर. वर दारापुढे व्हीलचेअर वळेल अशी दीड मीटर सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. जागा सरळ मिळत नसेल तर वळण घ्या, पण उतार वाढवू नका. पायऱ्यांवर सिमेंट ओढून केलेले दीड मीटरचे रॅम्प तपासणीच्या फोटोत छान दिसतात. त्यावरून खुर्ची मागे घसरते आणि मूल शेवटी उचलूनच न्यावे लागते.

प्रश्न : प्राधिकरणाने दिलेले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी "झेरॉक्स-टायपिंगचे" म्हणून तीन हजार मागितले.

उत्तर : देऊ नका. पॅनेल वकिलांना फी प्राधिकरण देते, अशिलाकडून पैसे घेता येत नाहीत. प्राधिकरणाच्या सचिवांना (ते न्यायाधीशच असतात) लेखी अर्ज द्या : प्रकरण क्रमांक, गैरहजेरीच्या दोन तारखा, मागितलेली रक्कम, आणि "वकील बदलून मिळावा" ही मागणी. कामावर लक्ष ठेवायला तिथे देखरेख समितीही असते. पैशांची मागणी फोनवर झाली असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज आला असेल तर पुसू नका. नवे वकील मिळेपर्यंत पुढची तारीख स्वतः गाठा आणि "वकील बदलण्याचा अर्ज दिला आहे" असे सांगून त्याची पोच दाखवा. प्रकरण गैरहजेरीत निकाली निघाले तर ते पुन्हा उभे करायला आणखी दोन-तीन महिने जातात.